न ऐकलेल्या प्रश्नाचं उत्तर

न्यायालयाच्या व्हरांड्यातल्या बाकावर एक म्हातारे वडील आणि त्यांची मुलगी माझ्या शेजारी येऊन बसले.

“बाबा, हो कशाला म्हणालात?”

“न्यायाधीशबाई इतक्या हसून विचारत होत्या. नाही कसं म्हणायचं?”

“दावा मागे घेताय का, असं विचारलं त्यांनी! आता शेजारी आपल्या घराची वाट कायमची बंद करेल.”

“अगं, बाईंचा आवाज ऐकवणारा स्पीकर वकिलांच्या टेबलावर. आपल्याला वकील नाही, म्हणून मागे उभं केलं. काही ऐकूच आलं नाही.”

“मग तसं सांगायचं.”

“भरल्या कोर्टात बहिरा म्हणवून घेऊ?”

“नका घेऊ. उद्यापासून खिडकीतून उड्या मारा.”

वडिलांनी कोर्टाच्या दाराकडे पाहिलं.

“बाई उठल्या नाहीत ना अजून?”

“नाही.”

“चल. तू मात्र बोलू नकोस. मला ऐकू येत नाही, हे मीच सांगतो.”