शेळीचा दौल्या

राखणीचं कुत्रं पाळायचं असेल तर धनगराचा सल्ला ऐकू नका. मी ऐकला! लढाईच्या दिवसांत कर्जतकडच्या भिवा धनगरानं मला नुकते डोळे उघडलेलं पिल्लू दिलं. म्हणाला, "सायेब, ह्याला शेळीच्या थानाला लावून पाजा. जिचं दूद पिईल तिला जल्मभर राखंल." शेळी घरचीच होती. पाजलं, आणि पिल्लाचं नाव ठेवलं दौल्या.

सहा महिन्यांत दौल्या वासराएवढा झाला. लाडात आला की माझ्या मांडीवर चढायचा आणि मी खुर्चीसकट कलंडायचो. मग एक दिवस शेळीनं माझ्या वर्तमानपत्रातल्या लेखांची वर्षभराची कात्रणं खाल्ली. चिडून मी तिला घरी आलेल्या सोनईच्या पाहुण्यांना देऊन टाकायचं ठरवलं. दावं सोडायला वाकलो, तर दौल्यानं गुरगुरून माझंच धोतर धरलं! कलेक्टरविरुद्ध लिहायला न भिणारा माणूस मी, अंगणात खांबासारखा उभा. पाहुणे रिकाम्या हातानं गेले.

भिवाला बोलावून फैलावर घेतलं. तो शांतपणे म्हणाला, "शेरडू वढून न्हेतो त्यो लांडगा, येवढंच त्याला ठावं. तुमी धनी हाय, हे त्याला कुनी सांगितलं?"

बायको आतून म्हणाली, "मी सांगून पाहिलं. त्याला खरं वाटेना."