गवा, टिटवी आणि अडलेली अंगठी

हं, बसा मंडळी, बसा! मागचे पुढं सरका, पुढचे खांबाला टेकू नका – टेकलात की डोळा लागतो, अनुभव आहे माझा! टाळ जरा खाली ठेवा. एकच प्रश्न विचारते, उत्तर मनातल्या मनात द्या. दुसऱ्याचं काम आपल्याला सोपं का वाटतं?

बघा! मीच सांगते! नवरा म्हणतो, "तुला काय, घरातच तर असतेस!" बायको म्हणते, "तुम्हाला काय, खुर्चीत बसून पंख्याचा वारा खायचा!" आणि तुम्ही सगळे मिळून मला म्हणता – "बाईंना काय, दोन तास बोलायचं आणि नारळ घेऊन जायचं!" हसू नका! कानावर येतं माझ्या!

दुज्याचे डोईचे ओझे । भासे पिसाचे ते बोजे ।
ठेविता मस्तकी माझे । मोडे मान ॥

मोडते की नाही मान? मोडते! ह्यावर पुराणातलं आख्यान लावणार होते. पण नको. आज सांगते ते माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं. कराडला, माझ्या सख्ख्या भावाच्या लेकीच्या साखरपुड्यात! भांडण झालं हो, चांगलं कडाक्याचं. कशावरून? मानपान? छे! भाजीत मीठ कमी? नाही! भांडण झालं एका गव्यावरून आणि एका टिटवीवरून!

आता ऐका. माझी भाची केतकी बागल – दातांची डॉक्टर. नवरामुलगा निहार मोहिते – सांगलीचा, पूल बांधणारा इंजिनिअर. दोघंही शहाणी, कमावती. पण दोघांना एक वेड! टीव्हीला यंत्र जोडून, बटणं दाबून खेळायच्या कुस्तीचं. त्या खेळाचं इंग्रजी नाव माझ्या जिभेला वळत नाही, मी त्याला म्हणते 'अधांतरी कुस्ती'. आकाशात एक ओटा तरंगतोय. त्यावर दोन गडी. चितपट करायचं नाही – ओट्यावरून खाली ढकलायचं! प्रत्येकाला जीव तीन. आणि गंमत बघा, मार खाऊन कुणी मरत नाही. पण जितका मार खाल्ला, तितका पुढच्या फटक्याला लांब उडतो! आमच्या शेजारच्या जाऊबाई अशाच एकदा उडाल्या त्या थेट माहेरी जाऊन पडल्या. असो!

गडी पन्नास. नावं सगळी परदेशी, पण आपल्या पोरांनी मराठी ठेवली. निहार घ्यायचा गवा. दांडगा, ढिम्म! कितीही मारा, हलत नाही. त्याचा एक फटका बसला की समोरचा पार ढगात! केतकी घ्यायची टिटवी. एवढीशी! दोन फटक्यांत उडेल अशी हलकी. पण चपळ किती! आणि तिच्याकडं एक विद्या – 'सरक'.

सरक म्हणजे काय? कान द्या! उडी मारायची, आणि पाय सुटतो न सुटतो तोच जमिनीकडं तिरकी हुलकावणी द्यायची. म्हणजे टिटवी पाय न हलवता सर्रकन घसरत जाते! आणि घसरताना हात मोकळे – मारायला! हे सगळं पापणी लवायच्या आत. जरा उशीर झाला की टिटवी हवेत उड्या मारत बसते, खुळ्यागत. केतकीला ती जमायला अकरा महिने लागले. अंगठ्याला पट्टी बांधून सराव! माझा भाऊ म्हणायचा, "अगं, एवढ्या मेहनतीत दुसरी डिग्री आली असती!"

ह्या दोघांची ओळख कशी झाली? भांडणातूनच! फोनवर त्या खेळणाऱ्यांचा एक ग्रुप. खरं नाव कुणाचंच नाही. ही तिथं 'दातकोरणी', तो 'खांब नंबर सात'! तीन वर्षं एकच वाद. खांब म्हणतो, "टिटवी कुणीही खेळेल, नुसतं पळायचं!" दातकोरणी म्हणते, "गव्याला काय अक्कल लागते? एक बटण दाबा आणि चहा प्या!" मग कोल्हापूरच्या स्पर्धेत समोरासमोर आले. तिनं त्याला हरवलं. तो मिसळ खाऊ घालायला घेऊन गेला. पुढचं तुम्हाला सांगायला नको, मिसळीनं बरीच लग्नं जमलीत!

तर साखरपुडा! हॉल भरलेला. गुरुजी बसलेले. लहानपणचे फोटो दाखवायला मोठा पडदा लावलेला. अंगठी तबकात. कुणीतरी हौशीनं निहारच्या हातात माईक दिला – "जावईबापू, सांगा, ओळख कशी झाली?"

मंडळी, ज्याचं लग्न ठरलंय त्याच्या हातात माईक देऊ नये!

निहार म्हणाला, "कोल्हापुरात हिनं मला हरवलं. म्हणजे, टिटवी होती म्हणून. टिटवी घेतली तर माझी आजीसुद्धा जिंकेल!"

सगळे हसले. विहीणबाई हसल्या, गुरुजी हसले, मीही हसले. केतकी नाही हसली. तिनं पुढं केलेला हात मागं घेतला.

"दादा," माझ्या भावाला म्हणाली, कारण ती बापाला दादाच म्हणते, "अंगठी थांबवा."

भाऊ म्हणाला, "अगं, गंमत केली त्यानं!"

"अकरा महिने घातलेत मी त्यात, हे ठाऊक असून म्हणाला. आज सरक सोपी. उद्या म्हणेल, दात काढणं सोपं. परवा म्हणेल, बाळंतपण सोपं! मी जन्मभर काय करत राहू, पुरावे देत?"

मला सांगा, चूक बोलली का पोरगी? बायका माना हलवतायत बघा. पुरुष छताकडं बघतायत!

निहारचा चेहरा पडला. पण ताठा! तोही म्हणाला, "तू तीन वर्षं माझ्या गव्याला एका बटणाचा म्हणतेस, ते चालतं?"

आता त्या खेळणाऱ्यांत एक पद्धत आहे म्हणे. ज्यानं 'तुझं सोपं' म्हटलं, त्यानं ते हातात घेऊन दाखवायचं. केतकी म्हणाली, "ठीक! तू टिटवी घे, मी गवा घेते. जिंकलास तर अंगठी. हरलास तर तुझा रस्ता सांगलीचा आणि माझा दवाखान्याचा!"

आणि यंत्र कुठं होतं? निहारच्या गाडीत! स्वतःच्या साखरपुड्याला मनुष्य खेळाचं यंत्र घेऊन येतो! आणलं, पडद्याला जोडलं. भाऊ कपाळाला हात लावून बसला. विहीणबाई पुटपुटल्या, "मी म्हणत होते, लहानपणीच फेकून द्यायला हवं होतं."

झाली सुरुवात! गवा एका टोकाला, टिटवी दुसऱ्या टोकाला. निहारनं ऐटीत सरक मारली – आणि टिटवी उडाली, हुकली, घसरायच्या ऐवजी ओट्याच्या कडेवरून खाली! कुणी ढकललं? कुणीच नाही! एक जीव गेला. केतकी हसली, पुढं झाली, सवयीनं दोन उड्या मारायला गेली. अहो, गव्याला दुसरी उडीच नसते! गवा धप्प! तिचाही एक जीव गेला. पुन्हा आले. पुन्हा हा आपला आपण पडला. पुन्हा ती आपली आपण पडली! माराचा पत्ता नाही आणि दोघांचे दोन-दोन जीव संपले! पुरीची ताटं हातात धरून माणसं खदखदून हसतायत. एक आजोबा म्हणाले, "ही कुस्ती आहे का विहिरीतल्या उड्या?"

राहिला एकेक जीव. हसू थांबलं. कारण ह्या शेवटच्या जिवावर लग्न होतं, मंडळी! निहारच्या कपाळावर घाम. अंगठा दुखायला लागला होता, झटकत होता. आणि तेवढ्यात केतकीचा गवा कडेवरून घसरला. खाली चाललाय! संपलं! निहारनं काही न करता नुसतं बघत बसायचं, की जिंकला, अंगठी त्याची! आणि हा पठ्ठ्या ओरडला –

"उडी नको मारू! पडू दे, पडू दे अजून... आता! वर शिंग मार!"

तिनं मारलं. गवा वर आला! ओट्यावर उभा!

गुरुजी उठून उभे राहिले. "अहो जावईबापू, काय केलंत हे! पडत होती ना ती!"

निहार म्हणाला, "गवा असा फुकट मेलेला बघवत नाही हो मला."

तीन वर्षं भांडताना हे गुपित त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. केतकी हळूच म्हणाली, "तुझा अंगठा उशीर करतोय. उडी आणि हुलकावणी वेगवेगळी नाही दाबायची. एका दमात."

म्हणजे बघा! तिला हरवायचं कसं हे ती त्याला शिकवतेय, आणि तिला वाचवायचं कसं हे तो तिला शिकवतोय! ह्याला कुस्ती म्हणावं का?

निहारनं दाबलं. हुकलं. दाबलं. हुकलं. आणि तिसऱ्यांदा – सर्रर्र! टिटवी घसरली! हातभर! थेट गव्याच्या पोटाशी! आता नुसतं मारायचं, आणि –

आणि हा उठून नाचायला लागला! "जमली! अगं, जमली! बघितलंस? जमली!" मारायचंच विसरला!

केतकीचं बोट आधीच बटणावर होतं. गव्याचा फटका बसला. टिटवी ढगात. खेळ खलास.

निहार तसाच हात वर करून उभा. मग हात खाली आले. म्हणाला, "हरलो. अट ती अट." आणि तिच्याकडं बघून म्हणाला, "पण सोपी नाही गं. अजिबात सोपी नाही. एकदा जमली तर मला वेड लागलं. तू अकरा महिने न जमता कशी टिकलीस?"

केतकीच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली, "आणि मी तुझ्या गव्याला एका बटणाचा म्हणत होते. त्याला वर कसं आणायचं, हेच मला ठाऊक नव्हतं. दादा, अंगठी आणा."

भाऊ घाबरतच म्हणाला, "पण अट?"

"अट मी घातली, मीच उचलते. जिंकला असता आणि 'बघ, सोपी होती' म्हणाला असता, तर खरंच दवाखान्यात गेले असते!"

वाजवा टाळ्या! अंगठी चढली! मुहूर्त टळून गेला होता, पण गुरुजी म्हणाले, "आत्ताचाच धरू." त्यांनाच पुन्हा खेळ बघायचा होता!

हसलात? छान! आता तुमच्याकडं वळते. घरी जाल, तेव्हा आठवा – कुणाला म्हणालात, 'तुला काय, सोपं आहे'? सुनेला? बापाला? एक दिवस त्याचं काम हातात घ्या. धप्पकन पडाल! पडा! पण पडल्यावर तोंडानं म्हणा, 'सोपं नाही रे.' एवढं एक वाक्य ऐकायला माणसं जन्मभर थांबतात.

आणि मंडळी, पहिली गुन्हेगार मीच. बावीस वर्षं ह्या पाटावर उभी राहून मी तुम्हाला सांगत आले, 'नाम घ्या, नाम घेणं किती सोपं!' मागच्या वर्षी ह्याच देवळात एका बाईला म्हणाले. तिचं तरणं लेकरू जाऊन दोन महिने झाले होते. तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं आणि उठून गेली. मला तेव्हा राग आला तिचा! कराडहून परत येताना गाडीत मला ती आठवली, आणि मला रडू आवरेना.

ती आज आलीय. त्या खांबाजवळ बसलीय. बाई, चुकले मी. सोपं नसतं. तुमच्या तोंडून आज नाम नाही आलं तरी चालेल. आम्ही सगळे घेतो, तुम्ही नुसत्या बसून राहा.

उचला टाळ, मंडळी. आज जरा हळू वाजवा.