टाकीतला डिंक

पंप दुरुस्तीला देऊन मी दुकानातल्या बाकावर बसलो होतो. तेवढ्यात एक आजोबा गवत कापायचं मशीन ढकलत आत आले. मिस्त्रींनी टाकीचं झाकण उघडलं आणि नाक मुरडलं.

“आजोबा, हे पेट्रोल कधीचं?”

“दोन वर्षं झाली असतील.”

“मग आता त्याला पेट्रोल कोण म्हणेल? तळाला नुसता डिंक झालाय. काढून का नाही ठेवलंत?”

“बायको अंथरुणाला खिळली होती. मशीनकडे बघतंय कोण!”

“आता कशा आहेत आजी?”

“काठी घेऊन चालते. आज संध्याकाळी फाटकापर्यंत जाणारच म्हणून हटून बसलीय. वाटेत गुडघाभर गवत आहे. काठी टेकवणार कुठे?”

“त्यांना म्हणावं, उद्या जा.”

“दोन वर्षं मीच तिला उद्या, उद्या म्हणत आलोय. आज मला तोंड उघडायची सोय नाही.”

“बरं, टाकी सोडवून देतो. आत मूठभर नट आणि थोडं ताजं पेट्रोल घालतो. झाकण घट्ट लावून तुम्ही हलवत बसा, म्हणजे डिंक सुटेल. तोवर मी कार्ब्युरेटर साफ करतो.”

“किती वेळ हलवू?”

“हात दुखेपर्यंत.”

“मग अवघड आहे. या हातांनी दोन वर्षं माणूस उचललंय, ते एवढ्याने दुखायचे नाहीत.”

मिस्त्रींनी टाकी सोडवून आत नट आणि पेट्रोल घातलं. टाकी आजोबांच्या हातात देऊन ते माझ्याकडे वळले.

“तुमचा पंप उद्या दिला तर चालेल?”

“चालेल की,” मी म्हटलं.