कुकरमधला सोडा

लखनौमधल्या गोमती नगरच्या दवाखान्यात नंबरची वाट पाहत बसलेल्या शर्मिष्ठाच्या कानावर मागच्या बाकावरून मराठी बोलणं पडलं. हात भाजलेले एक निवृत्त रेल्वे इंजिनिअर आणि त्यांची बायको बोलत होते.

“डॉक्टरांना काय सांगणार? सोडा शिजवत होतो?”

“अगं, आलं, लवंग, दालचिनी घालून गरम मसाला सोडा करत होतो. थंडीत छान लागतो.”

“आणि कुकरमध्ये केला की आणखीच छान!”

“उघड्या पातेल्यात त्याचा गॅस उडून जातो.”

“मग झाकण ओढून काढलंत, तेव्हा राहिला का तो आत?”

“जरा अंदाज चुकला.”

“तुमचे पूल अजून उभे आहेत, हे नवलच.”

“तूच म्हणालीस ना, इथली थंडी सोसत नाही, नाशिकला जाऊन राहते?”

“म्हणून सोडा?”

“स्वयंपाकातलं मला तेवढंच येतं.”

“तेवढं तरी कुठे आलं?”

शर्मिष्ठाचं नाव पुकारलं गेलं. “भैया, पहले इन्हें भेज दीजिए,” ती म्हणाली.

दोघं उठली.

“चवीला बरा होता हो.”

“तू प्यायलीस?”

“तळाशी उरला होता तेवढा. आज संध्याकाळी पुन्हा करायचा नाही.”

“बरं.”

“एकट्यानं, म्हणतेय मी.”