कुलपं मागेच राहिली

“साहेबांनी घाई केली. फायली नव्या कॉम्प्युटरवर नेल्या, कुलपं मागेच टाकली!”

दवाखान्याच्या लिफ्टपाशी समुपदेशक बाई कडाडल्या. साहेब रांगेत मागेच उभे आहेत, हे त्यांना दिसलं नव्हतं.

“पेशंट माझ्यापाशी रडून बोलतात. ते मी फायलीत लिहिते, आणि आता स्टोअरवालासुद्धा वाचतोय!”

“ताई, फायली आल्या, पण कोणती कुणी उघडायची ते हक्क आले नाहीत,” शेजारी उभा दवाखान्याचा कॉम्प्युटरवाला म्हणाला.

“मग हजारभर फायलींना एकेक करून हक्क देत बसणार?”

“छे! जुन्या मशीनवर सगळं शाबूत आहे. हक्कांसकट परत कॉपी करतो. संध्याकाळपर्यंत काम फत्ते.”

“मग घोडं कुठे अडलंय?”

“ते मशीन आज पुसून भंगारात चाललंय. साहेबांची सहीसुद्धा झालीय.”

साहेबांचा हात खिशातल्या मोबाईलकडे गेला. तेवढ्यात बाई वळल्या.

“बरे सापडलात! मशीन थांबवताय ना? इथेच सांगा, हो की नाही?”