उतारावरची बचत

हसू नका, पण पेट्रोल महागल्यापासून मी उतार लागला की स्कूटरची किल्ली बंद करायचो. किल्लीबरोबर हॉर्नही बंद होतो, हे पीएच.डी. झालेल्या माणसाला कळायला हवं होतं.

इमामपूरच्या घाटात घोडेगावच्या बाजाराला निघालेली म्हैस आडवी आली. मी हॉर्न दाबतोय, आवाजच नाही. शेवटी कडेच्या गवतात पडलो.

म्हशीवाल्या बाई धावत आल्या. "बाबा, भुतावानी गुपचूप आला की वो." त्यांनी माझं हेल्मेट काढलं. आत चिठ्ठी होती : अपघात झाल्यास कळवा. नंबर लावून त्या रेंजसाठी चार पावलं वर गेल्या.

माझाच खिसा थरथरला. मुलगा परदेशात, उगाच घाबरेल. दुसरं कुणी सुचेना, म्हणून मी स्वतःचाच नंबर लिहिला होता. सांगायची लाज वाटली. फोन उचलला.

"अवो, तुमचं म्हातारं हितं घाटात पडलंय."

"फार लागलंय का?" मी हळूच विचारलं.

"न्हाई, पन लई घाबरलंय. तुमी कोन त्यांचं?"

"ओळखीचा आहे. निघतोच."

बाई परत आल्या, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "काळजी करू नगा बाबा. तुमचं मानूस निघालंय."