वाघाखालचं नाव

मी मूळचा चामोर्शीजवळच्या खेड्यातला. बाप धानाच्या बांध्यांत मजुरी करे, मले ब्रशचा नाद, म्हनून अहेरीले एका पेंटरभाऊच्या हाताखाली राह्यलो. दुकानाच्या पाट्या, ट्रॅक्टरचे नंबर, आमच्या वस्तीतल्या विहाराची कमान, सगळं रंगवलं. तिकडेच एकदा कोन्या भिंतीवर लाल रंगात नक्षल्यायचं काईतरी लिहून निघालं, अन् ठाण्यात साऱ्या पेंटरायले बोलावलं. कागदावर क ते ज्ञ लिहाले लावलं, अक्षर जुळवाले. मी लिहिलं, पन हात असा थरथरे का माहंच अक्षर मले ओळखू येईना. साहेब हसला, म्हने, काबे, पेंटर आहेस का कंपाउंडर? सोडलं मले. भेव नाई सुटलं.

मंग लग्न झालं, वरोऱ्याले आलो. मागच्या उन्हाळ्यात एक शटर रंगवून रंग उरला होता. उरलेला रंग डब्यात वाळून जाते, जीवावर येते पाहा. स्टँडामागं कापसाच्या बंद जिनिंगची भिंत होती, तिच्यावर भरदुपारी वाघ काढला, अन् वाघाच्या पाठीवर मोहफुलं वेचनारी बाई. बाईचं तोंड माह्या बायकोचं, सुनंदाचं. कोनाले विचारलं नाई. आपला रंग, आपली हौस, कोनाले काय विचाराचं, असं वाटलं. तिथंच चुकलो.

दिवाळीनंतर सुनंदा बजारातून एक पिशवी घेऊन आली. पिशवीवर तोच वाघ, तीच बाई, अन् खाली छापलेलं नाव भलत्याच मानसाचं. सुनंदा म्हने, वाघ तुमचा, बाई तुमची, मंग हा कोन?

तिनंच मले चंद्रपूरले वकीलबाईकडे नेलं. बाई म्हनल्या, भाऊ, भिंत मालकाची, पन चित्र तुमचं. काढलं तेव्हाच तुमचं झालं, कुठी नोंद नसली तरी. पिशवीवाल्याले नोटीस पाठवू, खाली तुमचं नाव टाकाले लावू. मी म्हनलं, बाई, पन मी तं न विचारता काढलं. म्हनल्या, हो, ते विचारतीन, भिंतमालक तक्रारही करू शकते. अन् हात तुमचाच हे दाखवा लागेल. असं म्हनून कोरा कागद माह्यासमोर सरकवला, म्हनल्या, एक वाघ काढा पाहू.

काय सांगू तुमाले. पेन धरला अन् ठाण्यातला तो कागद डोळ्यापुढं आला. सुनंदा म्हने, काढा ना, बाई आहेत ह्या, ठानेदार नाई. मी म्हनलं, उद्या येतो. ते उद्या अजून आलं नाई.

आता पोस्टमनची सायकल दिसली का, भिंतमालकाचा कागद असंन म्हनून मी मागच्या खोलीत जातो. सुनंदा मुद्दाम तीच पिशवी घेऊन बजाराले जाते. कोनी म्हनलं, वहिनी, वाघ चांगला आहे, तं म्हनते, घरचाच आहे.

तुमी लिहून राह्यले तं लिहा भाऊ, तुमचं भलं होवो. फक्त माहं नाव टाकू नका. चित्र मीच काढलं, एवढं लिहा. नाई, थांबा. कोन्या पेंटरनं काढलं, असं लिहा.